कानाला चार बोटं कमी

"हात वर करा," असं कुणी डॉक्टर म्हणाले की मी हसायचे. आनंदानं नाही. हसत हसत हात वर नेला की तो कसा वर गेला हे कुणी बघत नाही, ही विद्या मी शिकले होते. त्या विद्येपायी माझा उजवा हात जायचाच बाकी होता. तो परत मिळाला, म्हणून आज त्याच हातानं हे लिहितेय. कुणाचा खांदा, गुडघा, कंबर दुखत असेल आणि तपासणीच्या टेबलावर बसल्यावर त्याला नको ते शहाणपण सुचत असेल, तर त्यानं हे जरूर वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

लाल ट्रे

मी सुमन. वय बेचाळीस. राहायला मुकुंदवाडीत आणि कामाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळूजमध्ये. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ठेकेदारामार्फत तपासणीच्या टेबलावर बसते, त्याला अकरा वर्षं झाली. मशीनवरून लोखंडी कड्या येतात. कडी उचलायची, तिच्यात गेज घालून पाहायचं, बरोबर असेल तर हिरव्या ट्रेमध्ये टाकायची, नसेल तर लाल. गेज म्हणजे मापाचा पक्का दांडा, दुसरं काही नाही. ट्रे भरला की उचलून डोक्याच्या वरच्या रॅकवर ठेवायचा आणि रिकामा खाली घ्यायचा. दिवसभर हेच.

या कामाचा एकच धर्म आहे. गेज आपल्या वजनानं कडीत उतरलं पाहिजे. अंगठ्यानं दाबून बसवलं तर कमी मापाची कडीही पास होते आणि पुढं कुणाच्या तरी गाडीत जाऊन घात करते. घाईला आलेले ऑपरेटर हटकून दाबतात.

"ताई, गेलं की बघा!"

"गेलं नाय, तुम्ही घातलंत," मी म्हणायचे, आणि कडी लाल ट्रेमध्ये. माझ्या पाठीमागं मला 'लाल ट्रे' म्हणतात हे मला माहीत आहे. त्याचा राग नाही, खरं सांगायचं तर थोडा अभिमानच आहे.

तर अशी मी. दुसऱ्याची कडी दाबू न देणारी. आता माझं ऐका.

भाकरी

दिवाळीनंतर एकदा ट्रे वर ठेवताना उजव्या खांद्यात चट् असं काहीतरी झालं. दोन दिवस दुखलं, मग कमी झालं, मग रोजचंच झालं. त्या कुशीवर झोपता येईना. वेणी घालायला हात मागं जाईना, म्हणून मी केसांना चाप लावायला लागले. मागून हुक असलेले ब्लाउज पेटीत गेले. हे सगळं मी इतकं बेमालूम केलं की घरात कुणाला काही वाटलं नाही. सासूबाई सोडून. त्यांचं वय सत्तरच्या पुढं, पण नजर अजून शाबूत.

"सुमन, भाकर एका अंगानं जाड व्हायलीय. हात दुखायलाय का?"

"नाय हो आत्या. पीठच तसं हाय."

"पीठ मीच दळून आणलंय," त्या म्हणाल्या आणि मला सरकवून परातीपाशी स्वतः बसल्या. त्या दिवसापासून भाकरी त्याच करायला लागल्या.

आज वाटतं, पहिला अचूक निदान करणारा डॉक्टर घरातच होता. पण जानेवारी जवळ आला होता, आणि जानेवारीत कंपनीत डॉक्टरांची तपासणी असते.

आपांची शिकवणी

वर्षातून एकदा कँटीनच्या हॉलमध्ये डॉक्टर येतात. आम्ही रांगेनं पुढं जायचं. डोळे, वजन, हात वर, खाली बसून उठ. ठेकेदारीच्या कामात या रांगेची सगळ्यांना धास्ती. कुणाच्या नावापुढं खूण पडली तर 'आम्ही कळवतो' असं गोड सांगतात, आणि मग कळवतच नाहीत. माझ्या देखत अशा दोघी गेल्या होत्या.

रुखसाना आपा आमच्यात सगळ्यांत जुन्या. पॅकिंगला असतात. त्यांचे गुडघे कधीच गेलेत, शिफ्टच्या बसमध्ये त्या आडव्या होऊन चढतात आणि वर पोचल्या की पहिला विनोद त्याच करतात. तरी दर जानेवारीत त्या पास. मी डबा खाताना त्यांना हळूच खांद्याचं सांगितलं.

"अगे, कायकू डरती?" आपांनी भिंतीशी जाऊन तिथल्या तिथं करून दाखवलं. आधी खांदा वर उचलायचा. मग कंबरेतून दुसऱ्या बाजूला जरा कलायचं. मग हात झटक्यात वर, आणि तिथं गेल्यावर दंड कानाला टेकवून श्वास रोखायचा. "और हसते रहना. डाक्टर सूरत देखता, हात नै देखता."

आठ दिवस मी बाथरूममध्ये सराव केला. डोळ्यांत पाणी यायचं, पण हात वर जायचा. तपासणीच्या दिवशी डॉक्टर "हात वर करा" म्हणाले, मी हसले, दंड कानाला टेकला, पुढची! माझ्यामागं आपा होत्या. त्यांनी टेबलाच्या कडेला हात लावून, ओढणी सावरल्यासारखं करत अर्धवट बैठक मारली आणि "साहेब, चाय तो पिओ!" म्हणत उठल्या. आम्ही दोघी बाहेर येऊन पोट धरून हसलो.

आपांबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांनी मला वाचवायलाच शिकवलं होतं.

पट्टा

दुखणं मात्र पास झालं नव्हतं. फेब्रुवारीत मी गल्लीजवळच्या एका खाजगी डॉक्टरांकडं गेले. ते भले गृहस्थ. त्यांनी विचारपूस केली आणि म्हणाले, "हात वर करा बघू."

आणि मी हसले.

आता तिथं कंपनी नव्हती, ठेकेदार नव्हता, रांग नव्हती. मी स्वतःचे पैसे मोजून दुखणं दाखवायला गेले होते. तरी ते तीन शब्द कानावर पडले आणि खांदा आपोआप उचलला गेला, कंबर कलली, दंड कानाला. सवय म्हणा, भीती म्हणा. शिवाय मनात कुठंतरी असंही होतं, की हात वर जातोय तोवर माझं काही बिघडलेलं नाही.

"हात तर पूर्ण जातोय," ते म्हणाले. मग त्यांनी मानेचा एक्स-रे काढायला लावला. बेचाळीस वर्षं वापरलेल्या मानेत थोडी झीज निघायचीच. मानेचा पट्टा, गोळ्या, शेक. त्यांचा काही दोष नाही. मी त्यांना दाबून पास केलेली कडी दाखवली होती.

पट्टा घालून घरी आले तेव्हा माझे मिस्टर दिलीप दारातच होते. ते सुतारकाम करतात, शहागंजातल्या एका दुकानासाठी कपाटं, पलंग बनवतात. मला बघून म्हणाले, "पोळ्याला अजून लई येळ हाय की!" त्या दिवशी सगळेच हसलो. दोन महिन्यांनी हसू सरलं. दुखणं वाढत गेलं, मी चिडचिडी झाले, साधी बादली उचलायला मी हाक मारायची आणि ते काम टाकून यायचे. एका संध्याकाळी ते बोलून गेले.

"डॉक्टर म्हणतेत हात पूर्ण वर जातो. एक्स-रेत खांद्याला काय नाय. मग दुखायलंय तरी कुठं? सगळ्या तपासण्या चांगल्या येतेत अन् घरातलं एक काम तुझ्यानं होत नाय."

म्हणजे मी नाटक करते. ते तसं म्हणाले नाहीत, पण मला तसंच ऐकू आलं. आणि खरी गंमत अशी की मी नाटकच करत होते, फक्त उलटं. हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या दिवसांइतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

एप्रिलमध्ये भरलेला ट्रे रॅकवर ठेवताना हातातून सुटला. कड्या सगळ्या शॉपभर घरंगळल्या. आमचे सुपरवायझर शेळके साहेब धावत आले. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"सुमनताई, घरी जा. मोठ्या दवाखान्यात दाखवा. काय झालंय त्याचा कागद आणा, मग टेबलाचं बघू."

टेबलाचं बघू. अकरा वर्षांचं माझं टेबल.

सुताराचा डोळा

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी आणि मिस्टर सरकारी दवाखान्यात. हाडांच्या विभागात आमचा नंबर एकसष्टावा. बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो आणि मध्ये एक्स-रेचं मोठं पाकीट होतं.

डॉक्टर धुमाळ पन्नाशीचे, पायात साध्या चपला, बोलण्यावरून परभणीकडचे. मी पाकीट पुढं केलं तर त्यांनी ते बाजूला ठेवलं. "फोटो नंतर. आधी माणूस."

त्यांनी विचारलं काम काय, कसं करता, करून दाखवा. मी पेपरवेट उचलून दाखवलं. मग एकदम, "घरी भाकरी कोण करतं?"

"सासूबाई."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या नंतर."

हे त्यांनी कागदावर सगळ्यात आधी लिहिलं. पडद्याआड सिस्टरनं मला खांद्यापाशी मोकळा असलेला गाऊन घालायला मदत केली आणि बाहेर येऊन सांगितलं, "सर, बाही काढताना उजवा हात अंगापासून सुटत नाही." मला वाटलं, कपडे बदलण्याचीही परीक्षा असते का?

डॉक्टर हात धुऊन आले. "चला बाई. हात वर करा."

मी हसले. दंड कानाला.

"वा," ते म्हणाले, आणि दाराकडं वळले. मग त्यांनी मिस्टरांना आत बोलावलं. "तुम्ही काय करता?"

"सुतारकाम, साहेब."

"मग डोळा पक्का असंल. या, बाईंच्या मागं उभं राहा. बाई, परत एकदा."

मी परत एकदा केलं. मग मिस्टर हळूच म्हणाले, "साहेब, लेवल नाय. हाताच्या आधी खांदाच वर निघालाय. कंबर डाव्या अंगाला चाललीय."

"अन् तोंड?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्टर पुढं आले, माझ्याकडं बघितलं. "तोंड तर हसायलंय."

डॉक्टरांनी खुर्ची भिंतीला लावली, मला पाठ टेकवून बसवलं आणि आपला तळवा माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला. हात नुकता धुतलेला, गार होता. दाब काही फार नव्हता, पण खांदा आता उचलता येईना, कंबर कलवता येईना. "आता न्या वर."

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मी दात-ओठ खाल्ले, तो इंचभरही हलला नाही.

"मघाशी हात गेला नव्हता, बाई," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नेला होता."

माझंच वाक्य. अकरा वर्षं मी ते दुसऱ्यांना ऐकवत होते. चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं ते माझं मलाच कळलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. कँटीन, आपा, बाथरूममधला सराव, मानेचा पट्टा. मिस्टर ऐकत होते. डॉक्टर रागावले नाहीत.

"इथं पास-नापास नाय. तुम्ही जितक्या नापास व्हाल, तितकं मला कळंल. होता का नापास?"

मी मान हलवली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मनापासून नापास झाले.

त्यांनी माझी मान दुखऱ्या बाजूला वळवून डोक्यावर अलगद दाबलं. हातात कळ गेली का? नाही. म्हणजे मान बिचारी निर्दोष, दोन महिने उगाच कैदेत होती. मग स्वतः माझा हात धरून सावकाश वर नेला, तर तो दुखत दुखत का होईना, पूर्ण गेला. "मी नेला तर जातो, तुमचा तुम्ही नेला तर जात नाय. म्हणजे सांधा जाम झालेला नाय. वर ओढणारी दोरी तुटलीय." मग दोन्ही हात पुढं धरायला लावले, अंगठे खाली, पेल्यातलं पाणी ओतून टाकताना होतात तसे, आणि वरून दोन बोटांनी दाबलं. डावा हात जागेवर राहिला. उजवा खाली गेला. नुसत्या दोन बोटांनी! शेवटी हात बाजूनं वर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "आता हळूहळू खाली आणा." मी आणायच्या आधीच तो धप्पकन मांडीवर पडला.

मी रडले. दुखलं म्हणून नाही. पाच महिने मी एकटी जे ओढत होते, ते त्या खोलीत तीन माणसांना एकदम दिसलं म्हणून. मिस्टर खिडकीकडं तोंड करून उभे होते. तिथूनच म्हणाले, "मी काय काय बोललो तुला."

"तुमची तरी काय चूक," मी म्हणाले. "माल मीच तसा दाखवला."

डॉक्टरांनी कागदावर खांद्याचं चित्र काढून एका जागी फुली मारली. पुढच्या आठवड्यात एमआरआय झाला तेव्हा फाटलेली जागा नेमकी त्या फुलीवर होती. मी विचारलं, "उशीर झाला का, साहेब?"

"झालाय. पण लई नाय. आणखी सहा महिने हसला असता, तर शिवायला दोरीच उरली नसती."

दोघींचे मिळून दोन हात

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. त्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. आधीची भीती मात्र चांगली आठवते. हात राहील की नाही याची नव्हती, टेबल राहील की नाही याची होती. स्ट्रेचरवर असतानाही मी मनात कड्या मोजत होते.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर कौसाबाई होत्या, पैठणकडच्या. मोसंबीच्या बागेत घसरून त्यांचं डावं मनगट मोडलं होतं. माझा उजवा हात पोटाशी बांधलेला, त्यांचा डावा प्लास्टरमध्ये. पहाटे चहाची गाडी यायची, मग झाडलोट, मग डॉक्टरांची फेरी, मग गोळ्या, आणि मग दुपारभर दोघींना काही उद्योग नसायचा. त्यांच्या मुलानं पिशवीभर मोसंब्या आणून ठेवल्या होत्या. एका हातानं मोसंबी सोलून बघा कधी.

"इकडं सरक बाई," कौसाबाई म्हणाल्या. "तू धर, मी सोलते. तुझा एक, माझा एक. देवानं माणसाला दोनच दिलेत, ते झाले की आपले."

सहा दिवस आम्ही अशाच मोसंब्या खाल्ल्या, एकमेकींच्या वेण्यांना गाठी मारल्या, औषधांची झाकणं उघडली. निघताना त्या म्हणाल्या, "आता कोण धरंल गं मोसंबी?" त्यांचा पत्ता घ्यायचा राहून गेला, याची चुटपुट अजून आहे.

भिंत

घरी सहा आठवडे हात झोळीत. वेणी घालायचं काम मिस्टरांनी अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी केसांना अशी पक्की गाठ मारली की भुवया ताणल्या गेल्या. "अहो, पलंगाची दोरी नाय ती," मी ओरडले. पंधरा दिवसांत मात्र हात बसला. तीन पेड, सरळ, मधोमध. सुताराला वाकडं चालतच नाही. अंगणात बसून नवरा बायकोची वेणी घालतोय म्हणून शेजारणी हसायच्या. हसू देत. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ते माझ्यामागं इतका वेळ शांत कधी बसले नव्हते.

झोळी निघाल्यावर व्यायाम सुरू झाले. वाकून हात नुसता लोंबकळू द्यायचा आणि झुलवायचा. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगीसारखं, जिथं थांबेल तिथं थांबायचं. मिस्टर कानावरची पेन्सिल काढून तिथं रेघ मारायचे. आधी रेघा भराभर वर चढल्या. मग तीन आठवडे बोटं एकाच रेघेवर. दिवस सरत चालले होते, टेबल डोळ्यांसमोर दिसत होतं. एका सकाळी बोटं एकदम दोन इंच वर गेली आणि मी आनंदानं हाक मारणार, तेवढ्यात पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला.

"टाच खाली."

मी खाली बघितलं. दोन्ही टाचा उचललेल्या होत्या. शपथेवर सांगते, मला कळलंसुद्धा नव्हतं.

"भिंतीला फसवायलीस का?" त्या म्हणाल्या. "भिंतीचं काय जातंय?"

मी टाचा टेकवल्या. बोटं जुन्या रेघेवर आली. चार दिवसांनी ती रेघ खरोखर मागं पडली, अर्ध्या बोटानं, आणि त्या अर्ध्या बोटाचा आनंद आधीच्या दोन इंचांना नव्हता. त्याच आठवड्यात मी पहिली भाकरी थापली. सासूबाईंनी ती उजेडात धरून कडा बघितल्या. "लाल ट्रेमधी टाकायला नको," एवढंच म्हणाल्या. मला त्या नावानं बोलवतात हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

रांग

डिसेंबरमध्ये डॉक्टर धुमाळांनी पत्र दिलं. बसून तपासणीचं काम करायला हरकत नाही, खांद्याच्या वर वजन उचलायचं नाही. पत्र बरोबरच होतं, पण दुसऱ्या वाक्यावर माझं बोट थांबलं. माझं टेबल म्हणजे वरचा रॅकही आलाच. मी पत्राचं न सांगता फोन केला, तर शेळके साहेब म्हणाले, "जानेवारीची तपासणी हाय. त्यात बसलात की या."

आदल्या दिवशी आपा मुद्दाम घरी आल्या. पत्र त्यांनी वाचून घेतलं. "ये कागज नक्को दिखा," त्या काळजीनं म्हणाल्या. "हात तो जा रा ना? थोडा झुक के ले जा. एक दिन का काम है."

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी आरशासमोर एकदा झुकून पाहिलं. दंड कानाला टेकला. जुनी विद्या जशीच्या तशी शाबूत होती.

सकाळी कँटीनच्या हॉलमध्ये रांगेत उभी राहिले. मागं आपा. या वर्षी डॉक्टर तरुण मुलगी होती. शेजारी शेळके साहेब यादी घेऊन बसले होते.

"हात वर करा."

मी टाचा टेकवल्या. पाठ ताठ केली. हसले नाही. हात सरळ वर निघाला, छाती ओलांडली, खांदा ओलांडला, डोक्याच्या वर गेला आणि कानाला चार बोटं कमी असताना थांबला.

"अजून?" तिनं विचारलं.

"एवढाच जातो, मॅडम. पुढं गेला तर तो मी नेलेला असंल." आणि मी पत्र टेबलावर ठेवलं.

तिनं ते दोनदा वाचलं. मग शेळके साहेबांकडं सरकवलं. साहेबांनी वाचलं. माझ्या कानात नुसता पंख्याचा आवाज येत होता. घरातल्या आम्ही तिघांनी आणि एका डॉक्टरनं नऊ महिने घालून चढवलेला तो हात, आता तिथंच चार बोटं कमी पडून सगळं जाणार, असं मला वाटलं.

"वरचा रॅक खाली घेता येईल," शेळके साहेब म्हणाले. "चार नट तर हायेत." आणि त्यांनी यादीवर माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली.

चार नट! अकरा वर्षांत ते कुणी सोडवले नव्हते, कारण अकरा वर्षांत कुणी म्हणालंच नव्हतं की हात पोचत नाही. मला हसू आलं आणि रडूही. मी त्या माणसाला हात जोडले.

"पुढची," डॉक्टर म्हणाली. "खाली बसून उठून दाखवा."

आपा पुढं झाल्या. चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू. हात टेबलाच्या कडेकडं गेला, ओढणी सावरली गेली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हात टेबलावरून काढून घेतला आणि सरळ खाली बसायला लागल्या. निम्म्यात गुडघे थांबले. त्यांनी तोंड घट्ट मिटलं, मग तशाच फरशीवर बसल्या. हसू कुठंच नव्हतं.

"नै होता, मॅडम," आपा म्हणाल्या. "दो साल से नै होता."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची सरकवून ती आपांच्या गुडघ्यापाशी खाली बसली. "कुठं दुखतं, आपा? दाखवा मला," ती म्हणाली. तिनं सावकाश दोन्ही गुडघे हातांनी चाचपून पाहिले, वाकवले, सरळ केले.

मग आपांना उठायचं होतं. त्यांनी आधारासाठी हात वर केला, आणि मी पुढं केलेला हात उजवा होता.